डायबेटिस असलेल्या माणसाचं बीपी उभं करून कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्याच्या पानावर डायबेटिसबद्दल बरंच काही येत असतं आणि मी ते न चुकता वाचते, कात्रणंसुद्धा ठेवलीयेत. शुगर किती असावी, डोळे कधी तपासावेत, किडनीची काळजी कशी घ्यावी, पायाला जखम झाली तर काय करावं, सगळं येतं. पण डायबेटिसमुळे बीपी सांभाळणाऱ्या नसाच खराब होतात आणि मग बीपी झोपल्यावर वर आणि उभं राहिल्यावर खाली असं उलटसुलट व्हायला लागतं, हे मला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. ते आमच्या घरात घडलं तेव्हा कळलं, आणि तेही दुसऱ्यांदा घडल्यावर. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय याची कल्पना आहे पण यातलं काय गाळावं ते मला सुचलं नाही.

माझे वडील ७१ वर्षांचे, डायबेटिस होऊन १९ वर्षं झाली, बीपीची गोळी १२ वर्षांपासून चालू. गोळ्या वेळेवर, पथ्य कडक, दर तीन महिन्यांनी चेकअप, म्हणजे हयगय हा शब्द त्यांना लागूच होत नाही. गेल्या वर्षी एका पहाटे साडेतीनच्या सुमारास बाथरूमकडे जाताना ते पडले. आईला धप्पकन आवाज आला, आम्ही धावलो तर बाबा दाराच्या चौकटीशी आडवे, कपाळाला खोक पडलेली आणि डावं मनगट विचित्र वाकलेलं. शुद्धीवर होते. म्हणाले, "उठलो, चार पावलं टाकली, पुढचं आठवत नाही." आम्हाला वाटलं शुगर कमी झाली असेल, लगेच बोटातून तपासली तर १४२. म्हणजे ती नाही. मग वाटलं पाय घसरला असेल, पण जमीन तर कोरडी होती.

दवाखान्यात नेलं, टाके पडले, प्लास्टर झालं, बीपी मोजलं ते १६४/९०. बाबा तेव्हा कॉटवर आडवे होते हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुढं सगळा खेळ त्याचाच आहे. बीपी जास्त आहे म्हणून चक्कर आली असणार असं ठरलं आणि बीपीच्या गोळीचा डोस वाढवून आम्हाला घरी पाठवलं. नवव्या दिवशी सकाळी बिछान्यातून उठून खिडकीशी जाताना बाबा परत पडले. या वेळी आई मागेच होती म्हणून डोकं वाचलं.

मी त्या डॉक्टरांना दोष द्यायला हे लिहीत नाहीये. समोर १६४ दिसतंय, माणूस चक्कर येऊन पडलाय, गोळी वाढवावी असं कुणालाही वाटेल. पण त्या दिवशी बाबांना फक्त तीन मिनिटं उभं करून परत पट्टा बांधला असता तर दुसऱ्यांदा पडणं टळलं असतं, एवढंच मला म्हणायचंय आणि खरं सांगायचं तर सगळ्या पत्राचा मुद्दा पण एवढाच आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्यांनी बाबांना आधी पाच मिनिटं शांत झोपवलं. बोलायचं नाही, पाय सरळ. मग मोजलं, १६८/९०, पल्स ८८. मग म्हणाल्या, आता सावकाश उभे राहा, मी बाजूलाच आहे, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा. एक मिनिटानी १२४/७४, पल्स ९१. तीन मिनिटांनी ११२/६८, पल्स ९२. मी ते आकडे बघत होते आणि मला वाटलं मशीन बिघडलंय. बाबांना विचारलं चक्कर येतेय का, तर म्हणाले, "चक्कर नाही, पण डोळ्यासमोर धुरकट झालंय आणि मान-खांदे भरून आलेत." ते मान-खांदे भरून येणं गेली दोन वर्षं चालू होतं! आम्ही मणक्याचं दुखणं समजून मालिश करत होतो, उशा बदलत होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या की उभं राहिल्यावर मानेखांद्याच्या स्नायूंना रक्त कमी पडलं की नेमकं असंच दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. बाबांचं आडवं झालं की थांबायचंच, पण आमच्या कुणाच्या ते लक्षात कसं येणार.

आणि त्यांनी दुसऱ्या एका गोष्टीवर बोट ठेवलं जी मला कधीच सुचली नसती, ती म्हणजे पल्स. वरचा आकडा ५६ नी खाली आला आणि पल्स वाढली फक्त ४ नी. नसा धड असत्या तर बीपी एवढं कोसळल्यावर हृदयानं धावपळ करून पल्स निदान पंचवीस-तीसनी तरी वाढवली असती. ती जागची हललीच नाही म्हणजे हृदयापर्यंत निरोपच पोचत नाहीये. अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे किंवा रक्त गेल्यामुळे बीपी पडतं तेव्हा पल्स जोरात वाढते, नसा गेल्यामुळे पडतं तेव्हा वाढत नाही, फरक ओळखायची ही साधी खूण.

आता हे होतं कसं ते मला समजलं तसं लिहिते. आपण झोपलेले किंवा बसलेले असताना उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त एकदम पायांत आणि पोटात उतरतं. तेवढं रक्त खाली गेलं की हृदयाकडे परत येणारं कमी होतं आणि बीपी पडायला लागतं. पण मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे तंतू असतात, ते लगेच मेंदूला कळवतात, मेंदू नसांमार्फत हृदयाला वेग वाढवायला सांगतो आणि पायांतल्या-पोटातल्या रक्तवाहिन्यांना आवळून धरायला सांगतो. हे सगळं काही सेकंदांत होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दिवसात किती वेळा आपण उठतो बसतो, प्रत्येक वेळी हे चालू असतं. डायबेटिसमध्ये निरोप नेणाऱ्या याच नसा हळूहळू मरतात.

इथं एक शब्दाचा घोळ पण आहे. आपण मराठीत नस म्हणतो ती रक्ताची पण असते आणि संवेदनेची पण. "नसा कमजोर झाल्यात" असं डॉक्टर म्हणाले की घरी येऊन लोक रक्ताच्या शिरांचा विचार करतात, कोण म्हणतं रक्त पातळ करायची गोळी चालू आहेच की. डॉक्टर म्हणत असतात ते मज्जातंतूंबद्दल. आणि त्यातही दोन प्रकार. एक ज्यांच्यामुळे पायाला टोचलेलं, गरम-गार कळतं, त्या गेल्या की तळपायाला मुंग्या, आग, बधीरपणा, चप्पल पायातून निघून गेली तरी न कळणं. हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. दुसऱ्या म्हणजे आपोआप काम करणाऱ्या, ज्या हृदय, रक्तवाहिन्या, पोट, मूत्राशय, घाम हे सगळं आपल्याला न विचारता चालवतात. यांचं कुणी बोलत नाही कारण यांच्या दुखण्याला एक असं ठराविक लक्षण नसतं.

साधारणपणे लांब नसा आधी खराब होतात, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो. आपोआप चालणाऱ्यांमध्ये सगळ्यात लांब असते ती मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस, आणि तीच हृदयाचा ब्रेक असते. ती आधी ढिली पडते त्यामुळे बसल्या जागी पल्स ९०, १०० अशी राहायला लागते. आमच्या बाबांची पल्स पाच-सहा वर्षं ८५-९० च्या खाली येतच नव्हती, झोपेतसुद्धा, आणि आम्ही म्हणायचो स्वभाव घाईचा आहे. ब्रेक गेल्यानंतर काही वर्षांनी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा पण जातात आणि मग उभं राहिल्यावर बीपी कोसळतं. म्हणजे बीपी कोसळणं ही सुरुवात नसते, ती बरीच पुढची पायरी असते. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नी कमी झाला तर त्याला बीपी पडणं म्हणतात, बाबांचं ५६ नी पडत होतं.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते रात्रीच्या बीपीनं. डॉक्टरबाईंनी बाबांना २४ तासांचं मशीन लावलं. कमरेला छोटा डबा, दंडाला पट्टा, दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासानी तो आपोआप फुगतो. बाबा बिचारे त्या रात्री वैतागले पण झोपले कसेबसे. रिपोर्टमध्ये दिवसाची सरासरी १२८/७२ आणि रात्रीची १५१/८४. उलटं! धडधाकट माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. ज्यांचं १० टक्क्यांपेक्षा कमी उतरतं त्यांना नॉन-डिपर म्हणतात, हा शब्द १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकातल्या एका छोट्या टिपणापासून रूढ झाला. आणि ज्यांचं उतरायच्या ऐवजी चढतं ते बाबांसारखे. डायबेटिसमध्ये नसा खराब झालेल्यांत हे दोन्ही प्रकार पुष्कळ दिसतात.

कारण परत तेच, ब्रेक नाही. रात्री व्हेगसनं सूत्रं हातात घ्यायची असतात, ती ढिली पडल्यावर दिवसा धावपळ करायला लावणाऱ्या नसांचाच जोर रात्री पण चालू राहतो. शिवाय दिवसभर पायांत उतरलेलं रक्त आणि पाणी आडवं झाल्यावर छातीकडे परत येतं आणि ते सावरून घेणारी यंत्रणा बिघडलेली असते. मग होतं काय की रात्री बीपी चढतं, चढलेल्या दाबामुळे किडनी जास्त पाणी आणि मीठ बाहेर टाकते, म्हणून रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, एवढं पाणी गेल्यामुळे पहाटेपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि अशा वेळी माणूस झोपेतून एकदम उठून उभा राहतो तेव्हा बीपी कोसळतं. बाबा पहाटे साडेतीनलाच का पडले आणि दुसऱ्यांदा सकाळी उठल्या उठल्याच का पडले ते मला त्या दिवशी कळलं. रात्री वारंवार उठणं आम्ही शुगर आणि प्रोस्टेटच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो.

आता गंमत नाही तर खरोखर काळजीची गोष्ट अशी की अशा माणसाचं बीपी सकाळी अकरा वाजता दवाखान्यात खुर्चीत बसवून मोजलं तर ते १३० च्या आसपास छान दिसू शकतं. रिपोर्ट कार्डावर नॉर्मल. आणि रात्री आठ तास तेच बीपी किडनी, मेंदू, हृदयावर हातोडा मारत असतं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सांगण्यात दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा रात्रीचा आकडा जास्त भरवशाचा असतो, हे आता बऱ्याच अभ्यासांतून पुढं आलंय. २४ तासांच्या मशीनवर दिवसाची सरासरी १३५/८५ च्या खाली आणि रात्रीची १२०/७० च्या खाली असावी असं धरतात. रात्रीचा आकडा दिवसापेक्षा कमी धरलाय हे नीट बघा, कारण ते उतरणं हेच निरोगीपणाचं लक्षण आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. रात्री बीपी उतरलं नाही म्हणजे नसाच खराब असं नसतं. झोपेत श्वास अडकणारे, जोरात घोरणारे लोक, किडनीचा आजार असलेले, नुसती झोप नीट न लागलेले, यांचं पण उतरत नाही. म्हणून एका रिपोर्टवरून घरी बसून निष्कर्ष काढू नयेत. पण डायबेटिस जुना आहे, पल्स कायम जास्त आहे, पायाला मुंग्या आहेत आणि त्यात हे, अशी साखळी जुळली तर डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आणि अजून एक, हे वाचून कुणी बीपीच्या गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगते. कारण जास्त बीपी हे नसा खराब व्हायचं एक कारण पण आहे. नसांना रक्त पुरवणाऱ्या केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या असतात, शुगरनं आणि दाबानं त्या जाड होऊन बंद पडतात आणि नस उपाशी मरते. युरोपात टाइप १ डायबेटिसच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबतं) ११७२ लोकांना साधारण सात वर्षं बघितलं होतं, २००५ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यातल्या जवळजवळ पाव लोकांना तेवढ्या काळात न्यूरोपथी, म्हणजे नसा खराब होणं, झाली आणि ती होण्याशी शुगर आणि डायबेटिसची वर्षं तर जोडलेली होतीच पण बीपी, सिगारेट, वजन आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) पण जोडलेले निघाले. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात १९९८ मध्ये दिसलं की टाइप २ वाल्यांच्या, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या डायबेटिसवाल्यांच्या, एका गटाचं बीपी सरासरी १५४ राहिलं आणि दुसऱ्याचं १४४, तर १४४ वाल्यांमध्ये पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी होते. नुसत्या दहा पॉइंटचा फरक! तेव्हा बीपी आवरायलाच हवं, फक्त ते बसून, झोपून, उभं राहून आणि रात्री असं चारही बाजूंनी बघून आवरावं.

शुगरचं पण तसंच. १९९३ चा डीसीसीटी अभ्यास टाइप १ वाल्यांचा, त्यात शुगर कडक ठेवलेल्यांमध्ये नसांचं नुकसान साधारण ६० टक्क्यांनी कमी दिसलं. टाइप २ मध्ये नुसत्या शुगरनं एवढा फरक पडत नाही. पण डेन्मार्कमध्ये १६० टाइप २ वाल्यांवर स्टेनो-२ नावाचा अभ्यास झाला, त्यात शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, व्यायाम, सिगारेट सोडणं सगळं एकदम धरलं होतं, २००३ मध्ये त्याचा आठेक वर्षांचा निकाल आला तेव्हा आपोआप चालणाऱ्या नसांचं बिघडणं निम्म्याहून जास्त कमी झालेलं होतं. पायांच्या नसांमध्ये तेवढा फायदा दिसला नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण म्हणजे लवकर कळलं तर हातात काहीतरी आहे.

लवकर कळण्यासाठी मोठी मशीन लागत नाहीत हे तर अजूनच लोकांना माहीत नाही. एडिंबरोमध्ये ईविंग आणि क्लार्क या डॉक्टरांनी १९७०-८० च्या दशकांत पाच साध्या टेस्ट बसवल्या त्या आजही वापरतात. त्यातली एक तर इतकी साधी आहे, मिनिटाला सहा या गतीनं खोल श्वास घ्यायचा आणि त्या वेळी ईसीजी काढायचा. नसा चांगल्या असतील तर श्वास घेताना पल्स वाढते आणि सोडताना कमी होते, व्हेगस गेली असेल तर रेघ एकसारखी घड्याळासारखी चालते. बाबांचा तो कागद माझ्याकडे आहे, ठोके इतके सारख्या अंतरावर की पट्टी ठेवून आखल्यासारखे. कुणालाही वाटेल किती छान नियमित हृदय आहे. बाकी टेस्ट म्हणजे उभं राहिल्यावर पल्स बघणं, नळीत जोरात फुंकणं, मूठ आवळून धरणं आणि उभं राहून बीपी मोजणं. टाइप २ चं निदान झाल्या झाल्या आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, मग दर वर्षी नसांची तपासणी व्हावी असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगतं, पण प्रत्यक्षात पायाला १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू टेकवून कळतं का ते बघणं सुद्धा कितीतरी ठिकाणी होत नाही, तिथं बाकीचं कोण करणार.

गोळ्यांबद्दल थोडं. पायांची आग होते म्हणून बाबांना रात्री अमिट्रिप्टिलिन होती, प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांची गोळी होती, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, आणि वर पहिल्यांदा पडल्यावर डोस वाढवलेला. या चारही गोष्टी उभं राहिल्यावर बीपी पाडतात. प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर होती, लिहून देणाऱ्याची चूक नव्हती, पण चारही चिठ्ठ्या एकत्र एका टेबलावर ठेवून कुणी बघितल्याच नव्हत्या, आम्हीही नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या असतात त्या पण पाणी कमी करून बीपी थोडं उतरवतात, त्या हृदयाला आणि किडनीला चांगल्या आहेत तेव्हा बंद करा असं नाही, पण बाकीच्यांच्या जोडीला चालू आहेत हे डॉक्टरांना माहीत असायला हवं. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानं पण नसा बिघडतात, ते एकदा तपासून घ्यावं कारण ते भरून काढता येतं.

बीपीची गोळी रात्री घ्यावी का सकाळी यावर पण घरोघरी वाद असतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षं टाइम नावाचा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये निकाल लागला की सर्वसाधारण बीपीवाल्यांत सकाळ-रात्रीनं फरक पडत नाही. पण बाबांसारखं ज्याचं आडवं झाल्यावर चढतं आणि उभं राहिल्यावर पडतं त्याचं गणित निराळं, ते त्याच्या २४ तासांच्या आलेखावरून त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मामेभावाला रात्रीची गोळी मानवली म्हणून आपण पण बदलायची असं करू नये.

अजून काही लक्षणं लाजेपायी सांगितली जात नाहीत. थोडं खाल्लं की पोट गच्च होणं, लघवी पूर्ण झाल्यासारखं न वाटणं, पायांना घाम येणं बंद होऊन कातडी कोरडी पडून भेगा पडणं, जेवताना चेहऱ्याला घाम सुटणं, पुरुषांना ताठरता न येणं. या सगळ्यांमागं याच नसा असू शकतात. आणि दोन तर जिवावरचे आहेत, एक म्हणजे शुगर घसरली तरी घाम-थरथर काही न जाणवणं आणि दुसरं म्हणजे छातीत न दुखताच हार्ट अटॅक येऊन जाणं. आमच्या बाबांनी यातल्या तीन गोष्टी वर्षानुवर्षं कुणाला सांगितल्या नव्हत्या, विचारल्यावर पण आईकडे बघत गप्प बसले, शेवटी डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

घरी मोजायचं असेल तर आम्ही करतो ते असं. सकाळी उठल्यावर गोळी घ्यायच्या आधी, बाबा पाच मिनिटं आडवे, मोजलं, लिहिलं. मग उभं राहायचं, एक मिनिटानी मोजायचं, तीन मिनिटांनी मोजायचं, पल्स पण लिहायची. पट्टा दंडावरच, हात आधारावर छातीच्या उंचीला, लटकत ठेवला तर आकडा खोटा जास्त येतो. कुणीतरी बाजूला उभं हवंच आणि मागं खुर्ची हवी. अंधारी यायला लागली तर आकड्याचा नाद सोडून आधी बसवायचं. असं आठ दिवसांचं लिहून नेलं की डॉक्टरांचं पण काम सोपं होतं, वही बघून आमच्या डॉक्टरबाईंनी दोनदा डोस बदललाय.

उपाय पण बरेचसे साधेच निघाले. उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, पावलं वरखाली हलवायची, पोटऱ्या आवळायच्या, मग उभं राहायचं. उभं राहिल्यावर गरगरलं तर पायाची अढी घालून मांड्या आवळून धरायच्या, त्यानं पायातलं रक्त वर ढकललं जातं. उठायच्या आधी दोन ग्लास पाणी झटकन पिणं हा तर इतका साधा उपाय पण त्यानं बाबांचं उभ्याचं बीपी खरंच वीसेक पॉइंटनी वर राहतं, अर्थात हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांनी पाण्याचं विचारूनच करावं. पोटाला पट्टा, कडक गरम पाण्यानं अंघोळ टाळणं, एकदम पोटभर न जेवणं. दिवसा आडवं न होता आरामखुर्चीत पडणं. आणि रात्री कॉटच्या डोक्याकडचे दोन पाय सहा-सात इंच उंच करणं, नुसत्या उशा वाढवून नाही तर अख्खी कॉटच उतरती, म्हणजे रात्री बीपी कमी चढतं आणि लघवी पण कमी होते. बाबा आता चारच्या ऐवजी एकदाच उठतात. बिछान्यापासून बाथरूमपर्यंत दिवा रात्रभर चालू असतो.

संपादक महोदय, आपल्या आरोग्याच्या पानावर एकदा एखाद्या जाणकार डॉक्टरांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं ही माझी विनंती आहे. आणि जे डॉक्टर आणि सिस्टर हे वाचत असतील त्यांना एक सांगणं, गर्दी किती असते ते मी बाहेरच्या बाकावर तासन् तास बसून पाहिलंय, सगळ्यांचं नका करू, पण डायबेटिस दहा वर्षांच्या वरचा आहे, किंवा पल्स कायम ९० च्या वर आहे, किंवा पेशंट एकदा तरी पडलाय, अशांचं तरी वर्षातून एकदा उभं करून मोजा. पेशंट बाहेर बसलेला असताना पाच मिनिटं आडवं करायला बाक पण चालतो.

सहा महिने झाले, बाबा परत पडलेले नाहीत. आज सकाळचं आडव्याचं १४६/८२, उभ्याचं तीन मिनिटांनी १२४/७४, पल्स ८६ आणि ८८. पल्स अजून तशीच आहे, गेलेल्या नसा परत येत नाहीत असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. वहीत तारीख टाकून बाबा स्वतःच लिहितात आता, आकड्यांपुढं मान दुखली की नाही ते पण.

आपली नम्र,
एका मधुमेही वडिलांची मुलगी